कॉर्विनची अब्रू आणि ओळखीच्या माणसाची गाडी

सॅगिनॉ, मिशिगन
१४ मार्च

ती. रोमनदाजी यांस,

कमरेपर्यंत बर्फात उभ्या असलेल्या क्लेमेंटचा, कंबर वाकेल तेवढा वाकून नमस्कार. पत्र लिहायला तसं खास कारण नाही. (हे वाक्य फार मनावर घेऊ नका.) फ्लोरिडाची हवा तुम्हा दोघांना मानवत असेलच. फेलिशियाताईचे गुडघे काय म्हणतात? आणि तुमचा रक्तदाब? वरचा आकडा आणि खालचा आकडा, दोन्ही कळवा. डॉक्टरांनी हृदयाबद्दल काही बजावलंय का, म्हणजे अचानक काही कानावर आलं तर चालेल की नाही, असं काही? सहज विचारतो आहे. आपलं वय झालं, चौकशी केलेली बरी. हे पत्र अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली बसून वाचलंत तर उत्तम. बसूनच वाचा.

लॉरेन बरी आहे. परवा अंगणातला बर्फ उपसताना तिनं मला दोनदा घरात हाकललं, कारण मी फावडं हातात धरून शेजाऱ्याशी बोलतच उभा होतो. बाकी इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नव्हतं, पण आता थोडं ठीक आहे, आणि ते कसं झालं ते सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्ही शाळेत गणिताचे मास्तर होतात. पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे तुम्ही गुण कापायचात, म्हणून मीही सगळ्या पायऱ्या दाखवतो.

कॉर्विनचं तुमच्या कानावर आलंच असेल. तुम्ही कॉर्विन कधी घेतली नाहीत, तो विषय मी आज काढणार नाही. (पस्तीस वर्षांपूर्वी तुम्ही वहीत रकाने आखून, इंधन, दुरुस्ती, टिकाऊपणा असा हिशेब मांडून जपानी गाडी घेतलीत, आणि त्या नाताळाला माझ्या वडिलांनी तुम्हाला ती कोपऱ्यावर, मयताच्या पेट्या विकणाऱ्याच्या दारात लावायला सांगितली. तुम्ही मुकाट्यानं लावलीत आणि टर्की हातात घेऊन बर्फातून चालत आलात. तोही विषय मी आज काढणार नाही.) तर कॉर्विन. आता ही कंपनी कोणाच्या मालकीची आहे, हे आमच्या युनियनच्या अध्यक्षाला, अर्ल डूलीलासुद्धा, धड सांगता येत नाही. एका कंपनीनं तिला घेतलं, त्या कंपनीला दुसरीनं, आणि दुसरीचं मुख्य कार्यालय ज्या देशात आहे तिथे म्हणे शुक्रवारी दुपारनंतर कोणी फोन उचलत नाही. त्या लोकांकडे अकरा नावांच्या गाड्या आहेत आणि त्यांना सहाच ठेवायच्या आहेत. कोणती नावं ठेवायची आणि कोणती पुसायची, हे ठरवायला त्यांनी प्रिसिला वेंडल नावाच्या बाईंना गावोगाव पाठवलं. घरात जास्त झालेली मांजरं वाटून टाकायला निघावं, तशा या बाई निघालेल्या.

आता यात माझं काय जायचं होतं, ते सांगतो. माझं पेन्शन चालू आहे, माझं काही नाही. पण माझी पोर रेनाटा तिथेच रंगकामाच्या विभागात आहे. कॉर्विन बंद झाली तर तिला टेनेसीला बदली घ्या नाहीतर घरी बसा, असं सांगणार होते. टेनेसी म्हणजे दाजी, अकरा तासांचा रस्ता. दोन्ही नातवंडं रविवारी माझ्या टेबलाशी बसून लॉरेनच्या हातच्या पिएरोगींवर भांडतात. ती तिकडे गेली तर मी आणि लॉरेन एकमेकांची तोंडं बघत बसणार. मला ते सहन होणार नाही. रडण्याइतका मी हळवा नाही, पण बाई येणार असल्याचा कागद आल्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ नटबोल्टचे पाने आकारानुसार लावत बसलो, यावरून काय ते समजा.

म्हणून अर्लनं बेत आखला. वेंडलबाई नेमक्या ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या पहिल्या शुक्रवारी येणार होत्या. त्यांना युनियनच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला बोलवायचं, तीन पिढ्यांचे कामगार समोर बसवायचे, आणि कॉर्विन म्हणजे आमच्यासाठी काय आहे ते त्यांना डोळ्यांनी पाहू द्यायचं. विमानतळावरून त्यांना आणायचा मान मला. कारण नवी कोरी कॉर्विन घेतलेला निवृत्त माणूस सबंध हॉलमध्ये मी एकटा. (बाकीचे सगळे कसे काय टाळत होते, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.)

या नव्या गाडीबद्दल मी तुम्हाला नाताळात बोललो नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत आणि विचारलं नाहीत हेच मला लागलं. चौतीस वर्षं मी कॉर्विनच्या डाव्या पुढच्या दाराला हँडल बसवली. रोज चारशे तरी. झोपेतही माझी बोटं चार स्क्रू पिळतात, असं लॉरेन म्हणते. आणि या नव्या गाडीला हँडलच नाही! दार आपलं गुळगुळीत. तुम्ही जवळ गेलात की ते तुम्हाला ओळखतं म्हणे, आणि आतून एक पट्टी लाजत लाजत बाहेर येते. ती पट्टी ज्यानं शोधून काढली त्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, हे मी बायबलवर हात ठेवून सांगायला तयार आहे. आत बटणं नाहीत, सगळा कारभार एका स्क्रीनवर. वारा हवा असेल तर स्क्रीन, काच पुसायची तर स्क्रीन, समोरचा छोटा कप्पा उघडायचा तरी स्क्रीनच. खुर्चीला ऊब देणारी तार कंपनीनं आत बसवलेली आहे, रेनाटाच्या मैत्रिणीनं ती स्वतःच्या हातानं जोडली आहे, पण ऊब हवी तर दर महिन्याला वर्गणी भरा! स्वतःच्या बुडाखालची ऊब मी भाड्यानं घ्यायची! वर ती गाडी बोलते. एकदा जांभई दिली तर म्हणाली, तुम्ही थकलेले दिसता, गाडी थांबवून कॉफी घ्या. माझ्या बायकोनं चव्वेचाळीस वर्षांत मला इतक्या प्रेमानं कॉफी विचारलेली नाही, हे मी तिच्यासमोर बोललो आणि तो वेगळाच विषय झाला.

त्या शुक्रवारी सकाळी थंडी इतकी की नाकातले केस कडक झाले. मी सूट घातला, टोपी घातली, गाडीजवळ गेलो. गाडीनं मला ओळखलं, आतून टुंग करून नमस्कार केला, आणि पट्टी गोठून आतच राहिली. चारही दारांची. लॉरेनचा हेअर ड्रायर लांब वायरीनं बाहेर आणला, अर्धा तास दारावर धरला. दार सुटेना, पण शेजारचा मात्र बघायला बाहेर आला. शेवटी मागची डिकी कशीबशी उघडली आणि मी, एकाहत्तर वर्षांचा माणूस, सूट घालून डिकीतून आत शिरलो, मागच्या खुर्चीवरून कोलांटी घेतली आणि स्टिअरिंगसमोर बसलो. जिंकलो असं वाटलं. तेवढ्यात स्क्रीन म्हणाली, महत्त्वाचं अपडेट चालू आहे, कृपया गाडी बंद करू नका. गाडी चालूच झाली नव्हती, बंद काय करणार कपाळ! चार टक्के झालं. पंधरा मिनिटांनी पाच. मदतीच्या नंबरावर फोन लावला तर पलीकडचा मुलगा अतिशय नम्र. तो म्हणाला, काका, अशा वेळी गाडीतून उतरून, लांब जाऊन, पुन्हा जवळ या. मी म्हटलं, बाबा रे, मी उतरू शकलो असतो तर तुला फोन केला असता का?

बाईंचं विमान उतरायला चाळीस मिनिटं राहिली होती. अर्लला कळवणं शक्य नव्हतं. नवी कॉर्विन सुरूच होत नाही ही बातमी हॉलभर झाली असती आणि बाईंच्या कानी गेली असती. लॉरेनची गाडी घेऊन तिची बहीण दवाखान्यात गेलेली. तेव्हा नाइलाजानं मी आलो तसा डिकीतून बाहेर पडलो आणि एका ओळखीच्या माणसाची गाडी घेतली. गाडी जपानी होती. त्या गृहस्थाचं नाव कळून तुम्हाला काय करायचंय, सज्जन माणूस आहे, हिवाळाभर परगावी असतो, आणि गाडीची किल्ली विश्वासानं माझ्याकडे ठेवतो. दर रविवारी एकदा सुरू करून ठेवत जा, एवढंच त्यानं सांगितलं होतं. चालवू नको, असं काही तो म्हणालेला नव्हता.

विमानतळावर बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या छातीवरच्या कॉर्विनच्या बिल्ल्याकडे पाहिलं. बाई पन्नाशीच्या, हडकुळ्या, डोळे तपासनिसाचे. मला ऐनवेळी सुचतं हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "मॅडम, मुद्दामच आणली. शत्रूच्या गाडीत एकदा बसून घ्या, म्हणजे आमची किती चांगली ते कळेल." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं! रस्ताभर मी खड्डे शोधून शोधून त्यांतून गाडी घातली, पण छे, आत काही लागेचना. बाईंना तर डुलकी लागली. हे मी तुम्हाला खासगीत सांगतो आहे.

आता आमच्या हॉलच्या आवारात ती पाटी आहे, परदेशी गाड्या ओढून नेल्या जातील, ती तुम्हाला पाठ आहे. (ताईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तुमची नेली होती.) म्हणून मी बाईंना मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी उतरवलं, पुढे निसरडं आहे म्हणालो. त्या माशांच्या कढयांमधून आत गेल्या. मग मी गाडी पुढे आणली तर सगळं आवार बर्फानं भरलेलं, पण मुख्य दारासमोर एक जागा झाडून लख्ख केलेली, भोवती दोरी बांधलेली. मला वाटलं, पाहुण्यांच्या गाडीसाठी अर्लनं केलेली सोय. मी दोरी सोडली, गाडी मागं घेत घेत बर्फाच्या ढिगाला टेकवली, म्हणजे मागची नंबराची पाटी झाकली गेली, आणि कोणाला गाडी दिसू नये म्हणून डिकीतली निळी ताडपत्री वर पसरून चारही कोपरे घट्ट बांधले. आत गेलो तेव्हा माझी मान ताठ होती.

दाजी, तुम्ही आमच्या हॉलची ती जुनी प्रथा कधी पाहिली नाहीत, दरवेळी तुम्हाला नेमके पेपर तपासायचे असायचे. पूर्वी उपासाच्या पहिल्या शुक्रवारी मासे खाऊन झाले की भंगारवाल्याकडून एखादी मोडकी परदेशी गाडी आणायचे आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं तिच्यावर घण घालायचा, फटक्याला एक डॉलर, जमेल ते गरिबांच्या धान्यकोठीला. वीस वर्षांपूर्वी हे बंद पडलं, कारण घण उचलणारे म्हातारे झाले आणि परदेशी गाड्याही आता इथेच केंटकीत बनायला लागल्या. पण वेंडलबाईंना आमची निष्ठा दिसावी म्हणून अर्लनं यंदा ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मला आनंदाचा धक्का द्यायचा होता. तो त्यानं दिला.

भंगारवाल्याचा ट्रक बर्फात अडकला होता. हे आम्हाला रात्रीच्या बातम्यांनंतर कळलं. मासे खाऊन, बाईंचं भाषण ऐकून (त्या म्हणाल्या, आम्ही सर्व बाबींचा विचार करत आहोत, हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकतो आहे) अर्लनं सगळ्यांना बाहेर चलायला सांगितलं. मी तेव्हा कोबीची कोशिंबीर दुसऱ्यांदा घेत होतो. बाहेर आलो तर शंभर माणसं त्या निळ्या ताडपत्रीभोवती गोल करून उभी, आणि अर्ल ओरडतोय, "आली रे आली! भंगारवाल्यानं झाकून बिकून, दोरीच्या आत नीट लावून दिलीय, शहाणा माणूस!" त्यानं ताडपत्री ओढली. "अरे, ही तर चांगली दिसते!" कोणीतरी म्हणालं. "मग काय, जपानीच ती, मेल्यावरसुद्धा चांगली दिसते," दुसरं म्हणालं, आणि सगळे हसले.

पहिला घण पाहुण्यांचा. बाईंनी घण हातात घेतला, गाडीकडे नीट पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, आपण आलो ती हीच ना?"

दाजी, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. तुम्ही असतात तर खरं बोलला असतात. पण समोर रेनाटा उभी होती. कामावरून थेट आलेली, कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला. तिनंही ती गाडी ओळखली होती (तिचीही त्या गृहस्थाशी ओळख आहे) आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. हो म्हणावं, तर का आणली, मग नवी कॉर्विन कुठे आहे, हे सगळं त्या शंभर माणसांत निघणार आणि बाईंच्या वहीत जाणार. मला टेनेसीचा अकरा तासांचा रस्ता दिसला. मी म्हटलं, "नाही हो मॅडम. या जपानी गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात."

बाईंचा हात दिसतो त्याहून जड आहे. उजवा हेडलाइट पहिल्याच फटक्यात गेला. त्यानंतर ज्येष्ठ म्हणून घण माझ्या हातात दिला. मी डोळे मिटून बोनेटवर जितका हळू मारता येईल तितका हळू मारला, तर अर्ल ओरडला, "काय रे क्लेम, डास मारतोस का?" आणि घण कसा मारायचा ते त्यानं स्वतः येऊन दाखवलं. पुढचं मी पाहिलं नाही. धान्यकोठीला मात्र गेल्या तीस वर्षांत एवढी मदत झाली नव्हती.

बाईंना परत सोडायला अर्लनं त्याची जुनी कॉर्विन काढली. चौऱ्याण्णवची. बाईंनी दाराला हात घातला, हँडल धरून ओढलं, दार खट्कन उघडलं. त्यांनी ते मिटलं आणि पुन्हा एकदा उघडलं. "माझ्याकडे कंपनीनं नवी दिलीय," त्या म्हणाल्या, "जानेवारीत मी दोनदा डिकीतून आत गेले." हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या, आणि मी म्हटलं, मॅडम, सूट घालून का? मग मी सगळं सांगून टाकलं, जपानी गाडी सोडून. दहा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. कॉर्विनला एक वर्षाची मुदत. पुढच्या नमुन्याला ओढून उघडायची हँडल लावणार आणि माल वेळेवर निघाला तर पुढचं बघू, असं लिहिलंय. एकच वर्ष आहे, पण रेनाटा रविवारी टेबलाशी आहे. तिनं ते पत्र मोठ्यानं वाचलं तेव्हा लॉरेननं एप्रनला डोळे पुसले, आणि मीही थोडे पुसले, काय लपवायचं.

असो. ताईला माझा नमस्कार, संत्री खा, उन्हात टोपी घाला.

तुमचा धाकटा मेहुणा,
क्लेमेंट बोरुता

ता. क. – ते ओळखीचे सज्जन गृहस्थ म्हणजे तुम्ही. मला वाटतं, तुम्ही कधीच ओळखलं असेल. मागच्या काचेत ताईनं विणून ठेवलेलं कागदी रुमालांच्या डब्याचं कव्हर पूर्ण सुखरूप आहे, हे तिला आधी सांगा आणि मग बाकीचं सांगा.

ता. क. – बोनेट, छत, उजवा हेडलाइट आणि दोन दारं गेली आहेत. डावी बाजू शाबूत आहे, कारण तिथपर्यंत येईतो आमची मंडळी दमली. हे मी अर्लला शेवटी एकट्यात सांगितलं तेव्हा तो खाली बसला आणि म्हणाला, "रोमन मास्तरांची? अरे देवा, त्यांनी माझ्या पोराला बीजगणितात पास केलं होतं!" आता तो, मी आणि आणखी चौघे निवृत्त मंडळी मे महिन्यात ती पूर्ववत करून देणार आहोत. पत्रा, रंग, काच, सगळे आमच्यातलेच आहेत. फक्त त्या दोन दारांना हँडल कॉर्विनची लागतील, तीच आमच्याकडे आहेत. उजवीकडची असली तरी ती बसवायला मी स्वतः आहे.

ता. क. – आता खरी विनंती. ताई फोनवर म्हणाली की तुम्ही ईस्टरला यायचं म्हणताय. येऊ नका. जूनमध्ये या. त्याचं असं आहे की माझी नवी कॉर्विन एकोणीस दिवस दुरुस्तीला पडली आहे, सुटा भाग समुद्रावरून यायचाय, आणि रेनाटाचीही तिथेच, माझीच्या शेजारी उभी आहे. आणि तुमची ती, दाजी, घण खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज किल्ली फिरवून पाहिली तर पहिल्या फटक्यात सुरू झाली! एका डोळ्यानं बघत, बोनेट दोरीनं बांधलेलं, पण आवाज तोच. पस्तीस वर्षं आम्ही सगळ्यांनी तुम्हाला एवढं बोलून घेतलं आणि तरी तुम्ही दर नाताळाला टर्की घेऊन आलात, त्याची मला आठवण झाली. गाडी चांगली आहे. हे मी लिहिलं आहे असं मिशिगनमध्ये कोणालाही सांगू नका, अर्लला तर नाहीच, तो पुन्हा घण काढेल. मी रोज पहाटे रेनाटाला तिच्यातून कारखान्याला सोडतो, फाटकाच्या दोन गल्ल्या अलीकडे. तिची कामाची पाळी सहाला लागते, आणि या वर्षात तिला एक दिवससुद्धा उशीर झालेला चालणार नाही.